बकरीचं तोंड कोणीकडे?

पंजाबरावांनी आयुष्यात दोनच वेळा विचार न करता ‘हाव’, म्हणजे ‘हो’, म्हटलं. एकदा लग्नाच्या बैठकीत आणि एकदा स्वतःच्या पिठाच्या गिरणीत. दोन्ही वेळा समोर जनकाबाई बसल्या होत्या. जनकाबाई समोर असल्या की पंजाबरावांची जीभ त्यांना न विचारता चालते, हा जुना अनुभव आहे.

जनकाबाई म्हणजे पंजाबरावांच्या सासूबाई; ते त्यांना ‘आत्याबाई’ म्हणत. सासुरवाडी गावातच, दोन गल्ल्या सोडून. (ज्यांची सासुरवाडी लांब आहे, त्यांनी रोज सकाळी देवाचे आभार मानावेत.) वय पासष्टच्या पुढे, उंची पाच फुटांच्या आत, आणि आवाज असा की गिरणी चालू असतानाही शेवटच्या शब्दापर्यंत ऐकू येतो. पंजाबराव तसे विंचवाला भीत, मीटर पाहायला येणाऱ्या माणसाला भीत, इंजेक्शनला भीत. पण ही सगळी भीती येणारी-जाणारी होती. सासूबाईंची भीती मात्र कायम मुक्कामाला होती आणि तिला कारण होतं.

सव्वीस वर्षांपूर्वी बैठकीत जनकाबाईंनी एकच अट घातली होती. ‘‘मी अंगठाबहाद्दर हाय. माह्या अंगठ्याले लोकायनं वाट्टेल तिथं शाई लावली. माही आशा शिकल्या मानसाच्याच घरात जाईन.’’ मग मुलाकडे वळून विचारलं, ‘‘दहावी पास हाय ना तुमी?’’

‘‘हाव,’’ पंजाबराव म्हणाले.

साफ खोटं होतं. दहावीच्या गणितात ते तीन वेळा बसले आणि तीन वेळा पडले. तिसऱ्या वेळी तर पेपर नुसता पाहूनच घरी आले. पण लग्न झालं, संसार झाला, पोरगा नोकरीला लागला, आणि ते एक ‘हाव’ पंजाबरावांच्या पोटात सव्वीस वर्षं तसंच पडून राहिलं. घरात कोणी जुनी पेटी उघडली तरी त्यांना घाम फुटायचा. मार्कशीट कोणी मागितलीच तर ‘उंदरायनं खाल्ली’ असं सांगायचं त्यांनी ठरवून ठेवलं होतं, आणि या कामासाठी त्यांनी घरातल्या उंदरांना कधी औषध घातलं नाही.

दुसऱ्या ‘हाव’ची गोष्ट अशी. जानेवारीतल्या एका दुपारी लाइन गेली आणि गिरणी बंद पडली. गिरणीत डबे घेऊन सहा बायका खोळंबल्या होत्या, त्यांत जनकाबाई. तेवढ्यात शाळेचे हेडमास्तर महादेवराव गव्हाची पिशवी घेऊन आले. बायकांना पाहून त्यांचे डोळे चमकले. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा मोठ्या माणसांची मार्चमध्ये परीक्षा होती, आणि त्यांना शिकवायला गावातून एक स्वयंसेवक हवा होता. पगार नाही, पण प्रमाणपत्र मिळणार.

‘‘दहावी झालेला माणूस असला तर बरं,’’ सर म्हणाले.

‘‘मंग शोधता काऊन?’’ जनकाबाई म्हणाल्या. ‘‘आमचे जवाई दहावी पास हायेत ना! काऊन हो जवाई?’’

‘‘हाव,’’ पंजाबराव म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांना समजलं की आपण काय म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून गिरणीत शाळा भरू लागली. रोज दुपारी बारा ते दोन लाइन नसायची, त्यामुळे वेळापत्रक सरकारनेच ठरवून दिलं होतं. पाटी-खडूचा खर्चही नव्हता. जमिनीवर पीठ पसरायचं आणि त्यात बोटाने लिहायचं. चुकलं तर हात फिरवायचा, पुन्हा लिहायचं. अक्षरं बरी गेली. विमलबाई स्वतःचं नाव लिहिता येतं म्हणून ते डब्यावर, सुपावर, सुनेच्या बादलीवरसुद्धा लिहीत सुटली. आकडे तर बायकांना तोंडपाठच होते, फक्त त्यांचे चेहरे ओळखायचे होते. बेरजेला मात्र पंजाबराव बोटं मोजत असायचे आणि जनकाबाई सुपारी कातरता कातरता उत्तर देऊन मोकळ्या व्हायच्या. अशा वेळी पंजाबराव ‘बरोबर’ म्हणायचे. खरोखर बरोबर आहे की नाही, हे ते घरी जाऊन पाहायचे.

असा दीड महिना गेला आणि पुस्तकात ती दोन चिन्हं आली.

पंजाबरावांनी ती पाहिली आणि लगेच ओळखली. दहावीला यांनीच घात केला होता! एक डावीकडे वाकलेलं, एक उजवीकडे. कोणतं मोठ्याचं आणि कोणतं लहानाचं, हे त्यांना तेव्हाही समजलं नव्हतं आणि आता विचारायचं कोणाला? मागच्या पानावर सगळं समजावून सांगितलेलं असणार, पण ते पान वर्गातल्या कौशल्याबाईच्या बकरीने आदल्याच दिवशी खाल्लं होतं. दुसरी प्रत मागावी तर बाकीच्या बायकांनी आपापली पुस्तकं मळू नयेत म्हणून घरी देवाजवळ ठेवलेली. हेडमास्तरांना विचारावं तर ते म्हणणार, ‘‘पंजाबराव, हे तर तिसरीत असतं.’’ बायकोला विचारावं तर बायको कोणाची मुलगी आहे हे विसरता येत नाही.

गिरणीच्या दारात तीच बकरी सांडलेलं पीठ चाटत उभी होती. पंजाबरावांना तिच्याकडे पाहून एकदम सुचलं.

‘‘हे काय हो जवाई?’’ पिठातल्या चिन्हाकडे बोट दाखवून जनकाबाईंनी विचारलं.

‘‘हे बकरीचं तोंड हाय, आत्याबाई. हे निमुळतं टोक म्हंजे तिचं थोबाड. आता इकडं एक ढीग, तिकडं एक ढीग. बकरी कोनीकडं जाईन?’’

‘‘मोठ्या ढिगाकडं,’’ विमलबाई म्हणाली.

‘‘बस! म्हनून टोक मोठ्याकडं करायचं.’’ आणि पंजाबरावांनी पिठात ठसठशीत लिहिलं, ४ > ७. बकरीचं थोबाड सातात. त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला.

जनकाबाईंनी पिठातली बकरी नीट पाहून घेतली. ‘‘बकरी कोनाची?’’

‘‘आपलीच समजा.’’

‘‘अन् ढीग?’’

‘‘तोबी आपलाच.’’

‘‘मंग आपलीच बकरी आपल्याच मोठ्या ढिगावर काऊन सोडून राह्यले तुमी?’’

बायका हसल्या. पंजाबरावांचे कान तापले. ‘‘आत्याबाई, हे गनित हाय.’’

‘‘गनितात नुसकान चालते का?’’

‘‘पुस्तकात तसंच हाय,’’ पंजाबराव म्हणाले. (पान बकरीच्या पोटात असल्यामुळे पुरावा मागायची सोय नव्हती.)

‘‘बरं,’’ जनकाबाई म्हणाल्या.

त्यांचं ते ‘बरं’ पंजाबरावांना आवडलं नाही. जनकाबाई भांडत असल्या की माणसाला निदान आपण कुठे उभे आहोत ते समजतं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्या घरी आल्या. आशाबाईंनी चहा केला. चहा पिता पिता जनकाबाई म्हणाल्या, ‘‘जवाई, बिनअंगठ्याचं मरायचं ठरवलं हाय मी. पास तं मले व्हायचंच हाय. अन् नापास झाली, तं दोष माह्या डोक्याचा नाई. मंग मी तुमची दहावीची मार्कशीट काढाले लावतो अन् पायतो, मास्तर कसा हाय ते.’’

पंजाबरावांच्या हातातली बशी वाजली.

‘‘तुमाले का थंडी वाजून राह्यली?’’ आशाबाईंनी विचारलं. बाहेर मार्चचं ऊन नुकतंच उतरलं होतं आणि भिंती अजून गरम होत्या.

रविवारी सकाळी सहाही बायका ठेवणीतली लुगडी नेसून शाळेत हजर झाल्या. विमलबाईने पेनाला हळदकुंकू लावलं होतं. कौशल्याबाईला सकाळपासून तीनदा जाऊन यावं लागलं होतं. जनकाबाई मात्र बाजारात बैल पाहायला निघाल्यासारख्या शांत होत्या. दहा वाजता त्या आत गेल्या आणि पंजाबराव व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले. आतून कागदांची सळसळ आली. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, उघडले, आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

भिंतीवर एक भलीमोठी हिरवी मगर रंगवलेली होती. तिने जबडा आ वासून डावीकडे वळवला होता आणि जबड्यासमोर आठ मासे होते. पाठीमागे, निमुळत्या बाजूला, तीन मासे. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘८ > ३. उघडे तोंड नेहमी मोठ्या संख्येकडे.’

पंजाबरावांनी एकदा वाचलं. मग चष्मा पुसून वाचलं. मग उठून जवळ जाऊन, बोट फिरवून वाचलं. मगर हलली नाही. दर मतदानाला ते याच भिंतीपाशी रांगेत उभे राहत आणि गेली दहा वर्षं ही मगर त्यांच्या पाठीमागे तोंड उघडून सांगतच होती. आपण टोकाला तोंड समजलो! उघडी बाजू म्हणजे तोंड! आपण सहा बायकांना पिठात बोट धरून धरून उलटं शिकवलं!

त्या चिन्हांवर पाच प्रश्न येणार होते, दहा मार्कांचे. दहा मार्कांनी माणूस कसा नापास होतो, हे त्या शाळेच्या आवारात पंजाबरावांइतकं कोणालाच माहीत नव्हतं. जनकाबाई नापास होणार. मग मार्कशीट निघणार. उंदरांवर कोणी विश्वास ठेवणार नाही. सव्वीस वर्षांचा खोटेपणा गावासमोर येणार, आशा पंचेचाळिसाव्या वर्षी माहेरी जाणार (दोनच गल्ल्या, सामान न्यायला टेम्पोसुद्धा लागणार नाही), आणि उरलेला जन्म आपण गिरणीत बसून लोकांचे टोमणे दळणार. कसंही करून आत कळवलं पाहिजे!

ते खिडकीशी गेले. आत जनकाबाई दुसऱ्या बाकावर होत्या. पंजाबरावांनी उजवा हात कोपरात वाकवून खिडकीत धरला आणि डाव्या हाताने उघड्या बाजूकडे बोट दाखवत तोंडाने ‘आ’ केला. म्हणजे, इकडे मोठं! जनकाबाईंनी वर पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि पुन्हा खाली पाहिलं.

मग त्यांच्या लक्षात आलं की आपण समोरासमोर आहोत, म्हणजे आपलं चिन्ह आतून उलटं दिसत असणार. झालं! आधीच उलटं, त्यात आणखी उलटं. म्हणून त्यांनी खिडकीकडे पाठ केली, हात डोक्यावर नेऊन पुन्हा वाकवला आणि मान मागे वळवून पुन्हा ‘आ’ केला. विमलबाईला वाटलं, यांना गांधीलमाशी चावली. तिने हातानेच ‘चुना लावा’ अशी खूण केली. कौशल्याबाई भली बाई. मास्तर आपल्याला धीर देत आहेत असं समजून तिनेही हात वाकवून ‘आ’ केला.

‘‘काय चाललंय हे?’’

पंजाबरावांनी मान सरळ केली तर समोर पूनम मॅडम उभ्या होत्या. दुसऱ्या गावच्या शाळेतून देखरेखीला आलेल्या, नवीन, आणि भयंकर कडक.

‘‘व्यायाम,’’ पंजाबराव म्हणाले.

‘‘तोंड उघडून? परीक्षेच्या खिडकीत? कॉपी पुरवताय तुम्ही! चला ऑफिसात.’’

शाळेच्या ऑफिसात पंजाबराव याआधी आरोपी म्हणून आले होते ते पाचवीत, पेरू चोरल्याबद्दल. तेव्हा छडीवर भागलं होतं. आता टेबलामागे महादेवराव सर बसले होते. मॅडमच्या तोंडून ‘रिपोर्ट’, ‘पंचायत समिती’, ‘पोलीस’ असे शब्द एकामागून एक निघत होते आणि प्रत्येक शब्दाला पंजाबराव खुर्चीत दोन बोटं खाली जात होते. सहा बायकांची परीक्षा रद्द होईल, असंही मॅडम म्हणाल्या. ते ऐकल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही.

‘‘सर, बायायले काई करू नका! त्यायचा गुन्हा नाई. मीच उलटं शिकवलं. मले ती चिन्हं येतच नाईत. मी दहावी पास नाई सर, गनितात तीनदा नापास हाय. आत्याबाईले खोटं सांगतलं मी. ते पोलिसाचं राहू द्या, फक्त आत्याबाईले सांगू नका.’’

महादेवराव सर पंजाबरावांच्या खांद्यावरून दाराकडे पाहत होते. पंजाबरावांनी हळूच मान वळवली.

दारात जनकाबाई उभ्या होत्या. पेपर हातात, सोडवून झालेला. मागे डबा घेऊन आशाबाई.

पंजाबरावांना वाटलं, जमीन दुभंगावी. जमीन काही दुभंगली नाही.

‘‘आत्याबाई...’’

‘‘माह्यित हाय मले,’’ जनकाबाई म्हणाल्या.

‘‘आता आयकलं म्हनून?’’

‘‘बैठकीच्या आधीपासून. तुमच्या शाळेच्या शिपायाले इचारून आलती मी. अंगठाबहाद्दर होती, येडी नोती.’’

पंजाबरावांचा जबडा त्या मगरीसारखा उघडा राहिला. ‘‘मंग पोरगी काऊन देली?’’

‘‘तुमी ‘हाव’ म्हनले तवा तुमचा हात थरथरून राह्यला होता. अर्धा चहा धोतरावर सांडला तुमच्या मामाच्या. मी म्हनलं, खोटं बोलताना एवढा भेते, हा मानूस माह्या पोरीवर कधी हात नाई उचलनार. उचलला का?’’

‘‘नाई,’’ पंजाबराव म्हणाले.

‘‘मंग? शिकलेले लय पायले मी.’’

पंजाबरावांचे डोळे भरून आले. बरं वाटलं, मनापासून बरं वाटलं. आणि लगेच आठवलं की सव्वीस वर्षं आपण उगाच उंदीर पोसले. त्यांनी आशाबाईंकडे पाहिलं. ‘‘तुलेबी माह्यित होतं?’’

‘‘हाव,’’ आशाबाई पदरात तोंड लपवून म्हणाल्या.

‘‘पन आत्याबाई, पेपर?’’ पंजाबरावांना एकदम आठवलं. ‘‘टोक तं तुमी मोठ्याकडंच केलं असन. सगळं चुकलं!’’

सरांनी जनकाबाईंचा पेपर घेतला, पान उलटलं, एकेक प्रश्न पाहिला. पाचही चिन्हं बरोबर होती. मग बाकीच्या पाचजणी पेपर देऊन गेल्या तसे सरांनी तेही पाहिले. सगळ्यांची सगळी बरोबर! पंजाबरावांनी पुन्हा चष्मा पुसला.

‘‘हे कसं काय?’’

‘‘अवं, शहानी बाई कुठं बकरी मोठ्या ढिगाले लावते?’’ जनकाबाई म्हणाल्या. ‘‘मोठा ढीग बाजाराचा. तो बकरीच्या पाठीमागं ठुला अन् तिचं थोबाड लहान ढिगाकडं वळवलं. मी सगळ्यायले सांगतलं होतं, मास्तर नुसकानीचं शिकवून राह्यले, तुमी घरच्यासारखं करा.’’

सर हसता हसता खुर्चीतून पडायचे राहिले. मास्तरांनी उलटं शिकवलं, बायकांनी ते आणखी उलटं केलं, आणि उत्तर सरळ आलं. कॉपीचं प्रकरण तिथेच मिटलं. मॅडमनी लिहून घेतलं की सदर इसमाने केलेले हातवारे एकाही परीक्षार्थीला समजले नाहीत, सबब कॉपी सिद्ध होत नाही. (पंजाबरावांना आजवर मिळालेलं हे पहिलं लेखी प्रमाणपत्र.)

दुसऱ्या दिवशी बारा वाजता लाइन गेली. पंजाबराव गिरणी बंद करून घरी निघाले, तर जनकाबाई दारात. त्यांनी जमिनीवर पीठ पसरलं आणि समोरच्या पोत्याकडे बोट दाखवलं.

‘‘बसा. तुमचं गनित राह्यलं हाय.’’

पंजाबराव बसले. जनकाबाईंनी बोटाने सावकाश, एकेक अक्षर कोरून लिहिलं, जनका > पंजाब.

‘‘वाचा.’’

‘‘जनका... पंजाबापेक्षा मोठी,’’ पंजाबरावांनी वाचलं. पहिल्या झटक्यात, एकही चूक न करता.

‘‘शाबास. आता उलटं लिवून दाखवा.’’

पंजाबरावांना मनातल्या मनात आनंद झाला. उलटं लिहायचं म्हणजे आपलं नाव पुढे! त्यांनी उत्साहाने बोट फिरवलं. पंजाब पुढे आला, जनका मागे गेली. मग मधलं चिन्ह काढताना त्यांना मगर आठवली, बकरी आठवली, आणि सासूबाई तर समोरच बसल्या होत्या. बोट थरथरलं, पण चिन्ह बरोबर आलं.

पंजाब < जनका.

‘‘आता समजलं तुमाले,’’ जनकाबाई म्हणाल्या आणि हातावरचं पीठ झटकून डबा दळायला ठेवून गेल्या.